शनवार तेल्यांचा धर्म

माझ्या लहानपणी आमचे बिऱ्हाड अलिबागच्या इस्रायल आळीला लागून होते. साल असेल १९५५-५६. शनिवारी दिवेलागणीच्या वेळी आमच्या शेजारच्या मावशी दारात येऊन उभ्या राहायच्या. पावसाळ्याचे दिवस, आभाळ भरून आलेले. मावशी मला उद्देशून, पण माझ्याकडे न बघता म्हणायच्या, ‘अरे, काळोख किती झाला बघ.’ एवढेच. ‘कंदील लाव’ असे त्या कधी म्हणाल्या नाहीत. मी त्यांच्या ओटीवर जायचो, कंदिलाची काच पुसायचो आणि काडी ओढायचो. मग हातावर नारळाची वडी पडायची. वडीच्या आशेने मी शनिवारची वाट पाहत असे, हे कबूल करायला आता हरकत नाही.

पुढे इतिहास शिकवू लागलो तेव्हा त्या वाक्याचा अर्थ कळला. शुक्रवारचा सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसेपर्यंत ज्यू माणसाचा शब्बाथ असतो. त्या वेळात विस्तव पेटवायचा नाही. दुसऱ्याला सांगून पेटवून घेणे म्हणजे आपणच पेटवल्यासारखे. म्हणून मावशी मला काही सांगत नसत. काळोख झाल्याची बातमी तेवढी देत. पावसाळी आभाळात तारे दिसणार कसे आणि शब्बाथ सुटला हे कळणार कसे, ही त्यांची अडचण होती. तीन हजार वर्षांचा एक नियम आणि कोकणातला आषाढ यांच्या मधल्या जागेत मी काडी ओढत होतो.

आज ज्यू धर्माविषयी बोलायचे आहे. जेरुसलेमपासून सुरुवात करता आली असती. पण मला वाटते, आपण मराठी माणसांनी हा धर्म समजून घ्यायला नवगावच्या किनाऱ्यापासून निघावे. अलिबागच्या उत्तरेला तीन-चार मैलांवर हे गाव. बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलची लेकरे, असे स्वतःला म्हणवणाऱ्या या समाजाची परंपरा सांगते की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत येथे फुटले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांची प्रेते लाटांनी किनाऱ्याला लावली, ती तिथेच पुरली. पोथ्या, भांडी, कपडे, सगळे समुद्रात गेले. उरलेली माणसे गावोगाव पांगली आणि तेलाच्या घाण्यावर बसली. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे सोमवार तेली वेगळे. म्हणजे गावाने त्यांचा धर्म विचारला नाही, देव विचारला नाही. त्यांची सुट्टी पाहिली आणि त्यांना जात देऊन टाकली! पुढे गावांवरून आडनावे पडली. दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर, किहीमचे किहीमकर, झिराडचे झिराडकर. हिंदी चित्रपटांतले आपले लाडके डेव्हिड पडद्यावर नुसते डेव्हिड होते. घरी ते चेऊलकर, म्हणजे चौलचे.

सात जोडप्यांची ही कथा अक्षरशः खरी धरावी असे मी म्हणणार नाही. सात हा आकडा कथांना फार आवडतो. शिवाय गलबत फुटून सात-सात माणसे वाचल्याची कथा त्याच किनाऱ्यावर चित्पावनांच्या बाबतीतही थोड्याफार फरकाने सांगितली जाते. पण तिच्यात एक गोष्ट मोलाची आहे. पोथ्या बुडाल्या, हे त्या समाजाने स्वतः सांगितले आहे. ग्रंथाचा धर्म म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या धर्माची ही माणसे, आणि त्यांच्यापाशी ग्रंथच नाही. मग राहिले काय, हा खरा प्रश्न.

त्याचे उत्तर देण्याआधी या धर्माचे मूळ थोडक्यात सांगतो. देव एकच आहे, त्याला रूप नाही आणि त्याची मूर्ती करायची नाही, हा पाया. या देवाने अब्राहामाशी करार केला. त्याची खूण म्हणून मुलगा जन्मल्यावर आठव्या दिवशी त्याची सुंता. पुढे मिसरच्या गुलामगिरीतून लोकांना बाहेर काढून सीनाय पर्वतावर मोझेसच्या हाती कायदा दिला. तोच तोरा, म्हणजे बायबलच्या जुन्या करारातली पहिली पाच पुस्तके. त्यांतल्या आज्ञा परंपरेने ६१३ मोजल्या आहेत. काय खावे, शेत कसे कापावे, मजुराला मजुरी केव्हा द्यावी, उसने कसे द्यावे, सगळे त्यात आले. मेल्यावर माणसाचे काय होते, याची चर्चा या धर्मात आहे, पण तिच्यावर भर नाही. आज संध्याकाळपर्यंत तुम्ही काय केले, यावर भर आहे.

जेरुसलेमचे मंदिर हे त्या काळचे केंद्र होते. तिथे बळी द्यायचा, तिथेच पुरोहितांनी विधी करायचे. ते मंदिर इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये बॅबिलोनियनांनी पाडले. पुन्हा बांधले, ते इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जाळले. त्यानंतर ते कधीच उभे राहिले नाही. मंदिर गेल्यावर धर्म टिकावा कसा? त्या काळच्या पंडितांनी, ज्यांना रब्बी म्हणतात त्यांनी, बळीच्या जागी प्रार्थना आणली आणि वेदीच्या जागी घरातले जेवणाचे ताट. शुक्रवारचा दिवा घरची बाई लावते. मिसरमधून सुटकेची कथा, म्हणजे हग्गादा, वल्हांडणाच्या रात्री घरातच जेवणाच्या वेळी वाचली जाते आणि सर्वांत धाकट्या मुलाने बापाला प्रश्न विचारायचे असतात. पुरोहित लागत नाही. एक कुटुंब पुरते.

ही सोय मुद्दाम केलेली होती की संकटातून घडत गेली, यावर विद्वान वाद घालतात. नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या माणसांना मात्र ती उपयोगी पडली असावी.

आता त्यांच्यापाशी काय उरले होते ते पाहू. १७३८ साली सार्टोरियस नावाच्या एका डॅनिश मिशनऱ्याच्या पत्रात या समाजाचा उल्लेख येतो. त्यांच्यापाशी बायबल नाही, हिब्रू भाषा त्यांना येत नाही, पण ‘शेमा’ ते म्हणतात, असे तो लिहितो. शेमा म्हणजे देव एकच आहे हे इस्रायलाला बजावणारे तोरातले वचन. ज्यू माणूस सकाळ-संध्याकाळ ते म्हणतो आणि मरताना ओठांवर तेच असावे अशी इच्छा धरतो. तीस वर्षांनी, १७६८ मध्ये, कोचीनच्या एझिकेल रहाबी या मोठ्या ज्यू व्यापाऱ्याने ॲमस्टरडॅमला पाठवलेल्या पत्रातही हेच आहे. मराठ्यांच्या मुलखात हे लोक तेल गाळतात, शेमा जाणतात आणि शब्बाथला काम करत नाहीत. सुंता, शनिवार, शेमा, खाण्याचे नियम आणि काही सण-उपास, एवढी सगळी मिळकत. हिब्रू कळत नव्हते, म्हणून ते एकच वचन ते सगळीकडे म्हणत. बारशाला शेमा, लग्नात शेमा, मयताला शेमा. आपल्याकडे आजीला एकच आरती येत असली तर ती प्रत्येक देवासमोर तीच म्हणते ना, तसे.

त्यांना ज्यू म्हणून ओळखले कसे, याची कथा मला गलबताच्या कथेपेक्षाही आवडते. कोचीनकडून डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू आला. परंपरा त्याला हजार वर्षांपूर्वीचा मानते; बरेच संशोधक मात्र तो अठराव्या शतकातल्या त्याच व्यापारी घराण्यातला धरतात. ‘आम्ही इस्रायलची लेकरे’ असे हे तेली म्हणतात, पण खरे कशावरून? त्याने पुरुषांना प्रश्न विचारले नाहीत. बाजारातून मिसळ मासळी आणली, बायकांच्या पुढ्यात टाकली आणि रांधायला सांगितले. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे एका बाजूला घेतले आणि बाकीचे दूर सारले. ‘हे का काढले?’ ‘हे आम्ही खात नाही.’ तोरात हाच नियम आहे. पर आणि खवले दोन्ही असतील तोच मासा खायचा. म्हणजे कोळंबी नाही, खेकडा नाही, कालवे नाहीत. अष्टागरात राहून कोळंबी न खाणे ही काय तपश्चर्या आहे, ते मी श्रोत्यांना सांगायला नको.

या कथेत परीक्षा स्वयंपाकघराची झाली आणि ती बायकांनी दिली. मग रहाबीने तीन तरुण निवडून त्यांना हिब्रू वाचायला शिकवले. झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर घराण्यांतले ते तिघे. त्यांना ‘काजी’ म्हणू लागले, आणि ही काजीपणाची वतने पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालली. शिक्षण पुरुषांना मिळाले, हे ओघानेच आले.

स्वयंपाकघराचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडे. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, असे तोरात तीन ठिकाणी आले आहे. रब्बींनी त्यावरून मांस आणि दूध एका जेवणात येऊ द्यायचे नाही असा नियम काढला. युरोपातल्या ज्यू बायकांना त्यामुळे लोण्याऐवजी कोंबडीची चरबी वापरावी लागली. कोकणात देवाने नारळ दिला होता! मटणाच्या कालवणात नारळाचे दूध, आणि जेवणानंतरच्या गोडातही नारळाचेच दूध. नव्या वर्षाला मावशी गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात चिकाचा हलवा करायच्या. ढवळून ढवळून हात भरून येत. आळीतल्या बायका पाळीपाळीने कढईवर बसत. शब्बाथच्या आशीर्वादाला द्राक्षाची दारू लागते. ती अलिबागेत कुठली मिळायला? काळे मनुके भिजवून, कुस्करून त्यांचे सरबत करत आणि त्यावर आशीर्वाद म्हणत. गोमांस तोराला चालते, पण आमच्या आळीतल्या बऱ्याच घरांत ते येत नसे. शेजाऱ्यांच्या भावनेचा हा मान होता, आणि इतक्या पिढ्या शेजारी राहिल्यावर ती त्यांचीही भावना झाली होती.

सणांची गोष्ट तर त्याहून नवलाची. पंचांग नाही, पोथी नाही, मग सण नेमक्या वेळी येत कसे? त्याचे कारण आकाशात आहे. ज्यू महिने आपल्यासारखेच चंद्राचे. सौरवर्षाशी मेळ घालायला तेही अधिक महिना धरतात, १९ वर्षांत सात वेळा. आपल्या अधिक मासाचे प्रमाणही जवळपास तेच पडते. त्यामुळे त्यांचा पुरीम हा सण पुष्कळदा फाल्गुनी पौर्णिमेच्या आगेमागे येतो. पुरीमची मूळ कथा इराणच्या दरबारातल्या एस्तेर राणीची. दुष्ट वजीर हामान ज्यूंच्या कत्तलीचा बेत करतो आणि राणी तो उधळते. कोकणात ती कथा हरवली, दिवस तेवढा राहिला, आणि त्याचे नाव पडले ‘होळीचा सण’.

बाकीची नावेही अशीच घरगुती. वर्षप्रतिपदा म्हणजे ‘नव्याचा सण’. आपल्याकडे नवे भात त्याच सुमारास येते. वल्हांडणाला आठ दिवस आंबवलेले काही घरात ठेवायचे नाही. त्याचे नाव ‘अनाशी ढाकायचा सण’, म्हणजे आंबटाची बरणी झाकून ठेवायचा सण. बेखमीर भाकरीचे इतर ज्यूंना केवढे अप्रूप. पण तांदळाची भाकरी खाणाऱ्याला बारा महिने बेखमीरच. त्यामुळे भाकरीची आठवण पुसली आणि बरणीची राहिली. मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपास, तिशा बआव, तो झाला ‘बिरड्याचा सण’. त्या दिवसांत मांस वर्ज्य, म्हणून वालाचे बिरडे. रोमनांनी जाळलेल्या मंदिराचा शोक कुलाबा जिल्ह्यात वाल सोलून पाळला जात होता, आणि सोलणाऱ्यांना ना रोम ठाऊक होते ना मंदिर.

प्रायश्चित्ताचा मोठा दिवस योम किप्पूर. त्याला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. आदल्या संध्याकाळी अंघोळ करून पांढरे कपडे घालायचे, दारे लावून घ्यायची. दुसऱ्या रात्रीपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, बाहेरच्या माणसाशी बोलणे नाही. वर्षात देवाचे जे चुकले त्याची क्षमा त्या दिवशी मिळते. माणसाचे चुकले असेल तर देव त्यात पडत नाही. ज्याचे चुकले त्याच्याकडे आपणच जाऊन माफी मागावी लागते. हा नियम रब्बींचा आहे. त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. दारे उघडत, भिकाऱ्यांना दान मिळे आणि एकमेकांकडे जाणे-येणे होई.

हनुक्का हा दिव्यांचा सण मात्र जुन्या बेने इस्रायलांना माहीत नव्हता. तो सण इसवी सनापूर्वी १६४ मधल्या घटनेचा. त्यावरून हईम सॅम्युएल किहीमकर यांनी असा निष्कर्ष काढला की, पूर्वज त्याच्याआधी, साधारण इसवी सनापूर्वी १७५ मध्ये, गॅलिलीतून निघाले असावेत. किहीमकरांनी १८९७ मध्ये लिहिलेला हा इतिहास १९३७ साली तेल अवीवला छापला गेला, आणि या विषयावर कुणालाही आजही तो ओलांडून जाता येत नाही. पण हा निष्कर्ष मला पटत नाही. एखादी गोष्ट विसरली गेली की मुळातच माहीत नव्हती, हे तिच्या नसण्यावरून कसे ठरवणार? २०१६ मध्ये जनुकशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बेने इस्रायलांच्या रक्तात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा, असा दोन्हींचा ठळक वारसा आहे, असे त्यात आढळले. गलबत आले होते, एवढे त्यावरून म्हणता येते. सात जोडप्यांनी फक्त आपापसांत लग्ने केली असे मात्र म्हणता येणार नाही.

आणि एक गोष्ट अशी, जी इतर ज्यूंपाशी या रूपात नाहीच. एलियाहू हा बायबलमधला संदेष्टा. तो मेला नाही, अग्नीच्या रथातून वर गेला. जगभरचे ज्यू वल्हांडणाच्या रात्री त्याच्यासाठी एक पेला भरून ठेवतात. आमच्या अलिबाग तालुक्यात तो प्रत्यक्ष येऊन गेला! खंडाळ्याजवळ सागाव येथे एका खडकावर त्याच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा दाखवतात. लोक तिथे नवस बोलायला आणि फेडायला जातात. नवस फेडायचा तो मालिद्याने. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे, वेलची, वर फळे. ताटाभोवती बसून हिब्रू प्रार्थना म्हणायच्या, एलियाहू हनाबीचे गाणे म्हणायचे आणि मग सगळ्यांनी खायचे. लग्नाआधी मालिदा, नोकरी लागली मालिदा, आजारातून उठले मालिदा. शास्त्रार्थ विचाराल तर यातले बरेचसे ग्रंथात सापडणार नाही. आपल्या सत्यनारायणाचे तरी काय वेगळे आहे?

मग ग्रंथ आला. समाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझिकेल, हे इंग्रजांच्या फौजेतले सुभेदार. टिपूशी झालेल्या लढाईत ते कैद झाले. त्यांनी धर्म ‘बेने इस्रायल’ सांगितला. कुराणात बनी इस्रायलांचा उल्लेख आहे म्हणून टिपूच्या आईने त्यांचे प्राण वाचवले, असे सांगतात. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला सिनेगॉग बांधले, ते बेने इस्रायलांचे पहिले. लोक त्याला मशीदच म्हणत. मग कोचीनचे शिक्षक आले. मिशनरी आले, डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्रायलांनी शिकून घेतले, ख्रिस्ती फार थोडे झाले. म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांनी ज्यूंना अधिक पक्के ज्यू केले. इतिहासात असे होते कधी कधी.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत या समाजाने जे केले ते मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अजून पुरेसे नोंदलेले नाही. वल्हांडणाची हग्गादा मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर निघाली. १८७४ मध्ये पुण्यात निघालेली हग्गादा तर सचित्र आहे. जोसेफ एझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. १८८० च्या सुमारास कीर्तने सुरू झाली. अब्राहाम, योसेफ, मोझेस यांची आख्याने. साकी, दिंडी, ओवी. टाळ आणि पेटी. हरिदासांचे पाहून ते शिकले आणि तोराची कथा आपल्या बायकामुलांना त्यांच्या भाषेत ऐकवली. ज्यांना होळीच्या सणात एस्तेर राणी ठाऊक नव्हती, त्यांच्या नाती आता तिची कथा मराठीत ऐकत होत्या.

काही गमावलेही. हळूहळू सणांची जुनी नावे मागे पडली. बगदादहून मुंबईत आलेले श्रीमंत ज्यू काही ठिकाणी या ‘तेल्यांना’ आपल्या प्रार्थनेत मोजायला तयार नव्हते. मोजणे, हा शब्द मी जपून वापरतो आहे. ज्यू धर्मात घरच्या विधींना एक कुटुंब पुरते, पण सार्वजनिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. दहा नसतील तर तोराची गुंडाळी उघडून वाचायची नाही, मृतांसाठीची कद्दीश प्रार्थना म्हणायची नाही. तेव्हा तुम्ही दहांत धरले जाता की नाही, हा प्रश्न साधा नाही.

तो पुन्हा विचारला गेला तो इस्रायलमध्येच. १९४८ ला ते राष्ट्र झाले आणि बेने इस्रायल कुटुंबे जाऊ लागली. मावशींचे कुटुंब १९६० मध्ये गेले. तिथे विवाह धर्मपीठाच्या हाती. शंका अशी निघाली की, या लोकांना शतकानुशतके ज्यू घटस्फोटाचे नियम माहीतच नव्हते. मग मागच्या पिढ्यांत नियमबाह्य विवाह झाले नसतील कशावरून? १९६१ मध्ये मुख्य रब्बी निस्सीम यांच्या धर्मपीठाने अशा विवाहांना मान्यता दिली, पण १९६२ मध्ये आदेश निघाला की, बेने इस्रायल वधूवरांची आईकडची वंशावळ जितकी मागे नेता येईल तितकी तपासावी. गंमत अशी की, आमच्या आळीत घटस्फोट ऐकिवातही नसे; विधवा बाईसुद्धा शेजारच्या हिंदूंचे पाहून दुसरे लग्न करत नसे. म्हणजे जो दोष शोधत होते तो घडायला वावच थोडा होता. पण हे तिकडच्या पंडितांना कोण सांगणार?

मावशींच्या थोरल्या मुलीचे लग्न त्यात अडकले. आईला त्यांचे पत्र आले होते, बोळबोध अक्षरातले. कचेरीत आजीची आजी कोण ते विचारतात, असे त्यांनी लिहिले होते. मी सांगितले, नाव ठाऊक नाही, पण तिने शनिवारी चूल पेटवली नाही. ते लिहून घेत नाहीत. पत्राच्या शेवटी, तिकडे वाल मिळत नाहीत, कुणाबरोबर पाठवता आले तर पाठवा, असे होते. आईने पाठवले.

बेने इस्रायल रस्त्यावर आले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये त्यांनी ठिय्या दिला. १७ ऑगस्ट १९६४ रोजी तिथल्या संसदेने ठराव केला की, सरकार बेने इस्रायलांना सर्वार्थाने ज्यू मानते. त्यानंतर धर्मपीठाने आदेशातले त्यांचे नाव काढले आणि ज्या कोणाविषयी शंका असेल त्याची चौकशी करावी, असे मोघम शब्द घातले. मुलीचे लग्न झाले. पुढची पत्रे नातवंडांविषयीची होती. मग तीही थांबली.

इकडे आळी रिकामी होत गेली. १९५१ च्या सुमारास भारतात बेने इस्रायल वीस हजारांच्या घरात होते. २०११ च्या जनगणनेत सगळे ज्यू धर्मीय मिळून पाच हजारही भरले नाहीत. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

२०१८ सालच्या एका शनिवारी मी कोकणातल्या एका गावच्या सिनेगॉगमध्ये गेलो होतो. परवानगी काढून, डोक्यावर टोपी घालून मागच्या बाकावर बसलो. पुढे नऊजण होते. सगळे साठीच्या पुढचे. पेटीवरचा पडदा बंद. कुणी बोलत नव्हते. मधून मधून एकजण उठून दारापर्यंत जाई, रस्त्याकडे पाही आणि परत येई. एकदा त्याची नजर माझ्यावर थांबली आणि तो जरासा हसला. मीही हसलो. तासाभराने त्यांनी प्रार्थना सुरू केली, ज्याची त्याने, हलक्या आवाजात. तोरा बाहेर काढली नाही. ज्यांच्या आईची पुण्यतिथी होती त्यांनी पुस्तकातले कद्दीशचे पान उघडले, थोडा वेळ त्यावर हात ठेवला आणि पुस्तक मिटले.

बाहेर पडताना तेच गृहस्थ माझ्याजवळ आले. म्हणाले, ‘गुरुजी, तारे दिसले की घरी या. तिकडे नातू झालाय, त्याचा मालिदा आहे.’

मी गेलो. पोह्यांचे ताट मधोमध होते आणि घरची सून खोबरे कालवत होती. आम्ही चौदाजण होतो. त्यांतले पाच शेजारपाजारचे, माझ्यासारखे.